दहावा बळी कुणाचा?

गेल्या खेपेला मी उपवासाच्या लिंबाच्या लोणच्याविषयी लिहिलं आणि त्याला बुरशी का येते, यावर पत्रांचा नुसता पाऊस पडला. त्या सगळ्यांची उत्तरं पुढच्या अंकी देईन. तोवर बरणी उन्हात कोरडी ठणठणीत करून घ्या आणि ओला चमचा घालू नका, एवढ्यावर भागवा. कारण आज मला क्रिकेटवर लिहायचंय.

हसू नका. आमच्या घरात गेले पंधरा दिवस दुसरा विषय नाही.

आमचं खंडाळा म्हणजे थंड हवेचं, बोरघाटातलं ते नव्हे. आमचं सातारा जिल्ह्यातलं, खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी. पुण्याहून साताऱ्याला जाताना तुमची गाडी घाट चढायच्या आधी दम खाते ना, ते. सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव नायगाव आमच्याच तालुक्यात. तेव्हा मुलींनी शाळेत जाण्याचं इथं कुणाला नवल नाही, पण मुलींनी पॅड बांधून मैदानात उतरण्याचं अजूनही आहे. अर्थात २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघानं विश्वचषक जिंकला आणि ते नवलही बरंच ओसरलं. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या पोरी पोरांच्या हातातल्या बॅटी मागायला लागल्या. त्यात आमची चौदा वर्षांची नातही, आणि भिंतीपलीकडची तिची मैत्रीणही. मैत्रीण चेंडू टाकते, आमची यष्ट्यांमागे उभी राहते. दोघींचं असं मेतकूट जमलेलं की डबासुद्धा एकीचा दुसरीच खाते.

तर मागच्या पंधरवड्यात यांचा एक सामना होता. जिल्ह्याच्या संघासाठी मुली हेरायला एक सर आले होते. मैत्रिणीनं लागोपाठच्या दोन चेंडूंवर दोन बळी घेतले. तिसऱ्या चेंडूवर तिसरा मिळाला तर हॅट्ट्रिक, हे आता बायकांना सांगायला नको. तिसरा चेंडू फलंदाज मुलीच्या बॅटची कड घेऊन थेट आमच्या नातीच्या हातात आला, आणि पडला.

पुढं सामनाही गेला, चार धावांनी.

त्या संध्याकाळी कोण काय बोललं, ते लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटते. सूनबाई म्हणाली, "अगं, लक्ष कुठं होतं?" चिरंजीव म्हणाले, "हातात आलेला चेंडू!" आणि मी, मी वर्षानुवर्षं तुम्हाला घरातल्या माणसांशी गोड कसं बोलावं ते शिकवणारी बाई, चुलीपाशी बसून म्हणाले, "सोपा होता गं तो." नात काही बोलली नाही. जेवलीही थोडंच, आणि तेही चमच्यानं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. आमच्याकडे भाकरी-आमटी चमच्यानं कोण खातं?

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारून ताकाचं पातेलं आलं नाही. त्यांच्याकडे म्हैस आहे. वर्षभर रोज ताक यायचं आणि मी त्या पातेल्यात कधी चार मिरच्या, कधी वाटीभर डाळ घालून परत पाठवायची. रिकामं भांडं परत पाठवू नये ही आपली रीत. आदल्या दिवशीचं पातेलं आमच्याकडंच पडून होतं. दुपारी शेजारीण दारात दिसली, तर भिंतीवरूनच म्हणाली, "पोरीचं नशीब हुकलं बघा, वैनी. तीन झाल्या असत्या तर सरांनी नाव लिवलंच असतं." आणि आत गेली. तिचं तरी काय चुकलं? पोर कष्टानं शिकवतेय ती.

त्या रात्री नातीनं हातमोजे माळ्यावर टाकले आणि जाहीर केलं, "आजी, मी परत कीपिंग करणार नाही."

मग मी तिला कानपूरची गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगते, कारण ती निम्मी आपल्याच लोकांची गोष्ट आहे.

डिसेंबर १९५८. वेस्ट इंडीजचा संघ आपल्याकडे आला होता. सोबर्स, कन्हाय, हंट, नुसती नावं ऐकून आमचे वडील मान डोलवायचे. कानपूरला दुसरी कसोटी होती. आपल्याकडून मुंबईचे सुभाष गुप्ते लेगस्पिन टाकत होते. लेगस्पिन म्हणजे मनगट वळवून टाकलेला चेंडू, जमिनीवर पडला की बाहेर जाणारा. आणि मधूनच गुगली, म्हणजे तसाच दिसणारा पण उलटा आत येणारा. फसवी साखर म्हणा ना, चाखली की कळतं मीठ आहे. गुप्त्यांनी एकामागून एक माणसं काढली. वेस्ट इंडीजचा डाव २२२ धावांत आटोपला, आणि दहापैकी नऊ बळी गुप्त्यांचे होते, १०२ धावांत. कसोटीच्या एका डावात नऊ बळी घेणारा तो पहिला भारतीय.

दहाच्या दहा एकट्यानं घेणं म्हणजे काय, ते लक्षात घ्या. तोवर कसोटीत हे जगात एकदाच झालं होतं. इंग्लंडच्या जिम लेकरनं १९५६ साली मँचेस्टरला ५३ धावांत दहा घेतले होते. गुप्त्यांचं नाव त्याच्या शेजारी लागायचं, ते एका बळीनं राहिलं. कसं राहिलं? लान्स गिब्ज नावाचा त्यांचा गोलंदाज फलंदाजीला आला होता. गुप्त्यांच्या चेंडूवर त्याचा झेल उडाला. यष्ट्यांमागे होते नरेन तामाणे, मुंबईचेच. झेल सुटला. त्यानंतर दुसऱ्या टोकानं चेंडू टाकणाऱ्यानं गिब्जचा त्रिफळा उडवला. तो गोलंदाज होता पुण्याचा वसंत रांजणे.

नात म्हणाली, "म्हणजे तामाण्यांमुळे गेलं."

म्हटलं थांब. तामाणे कोण होते, ते आधी ऐक. मुंबईकडून गुप्ते टाकायचे आणि तामाणे मागे उभे असायचे. गुप्त्यांचा चेंडू फलंदाजाला कळत नाही तो यष्टिरक्षकाला कळायला हवा, नाहीतर चेंडू सीमेपार. १९५५ च्या पाकिस्तान दौऱ्यातही ही जोडी होती. तामाण्यांनी २१ कसोटींत ५१ माणसं बाद केली, त्यांतली सोळा यष्टिचीत. यष्टिचीत म्हणजे फलंदाज पुढं सरसावला, फसला, आणि मागच्या माणसानं डोळ्याचं पातं लवायच्या आत यष्ट्या उडवल्या. असे बळी गोलंदाजाच्या नावावर लागतात, पण हात कुणाचे असतात? आता एका झेलाचा हिशेब मांडायचा तर या सगळ्यांचाही मांडायला नको का? स्वयंपाकघरातही असंच असतं. चाळीस पोळ्या टम्म फुगल्या त्या कुणाला दिसत नाहीत, एक करपली ती पाहुण्याच्याच ताटात जाते.

पण खरी गंमत पुढं आहे. त्या वसंत रांजण्यांची ती पहिली कसोटी होती! म्हणजे तो गिब्जचा बळी हा त्यांच्या कसोटी आयुष्यातला पहिला बळी. एकवीस वर्षांचा पोरगा, देशासाठी पहिल्यांदा चेंडू हातात घेतलेला. त्यानं काय करायचं होतं? गुप्त्यांसाठी मुद्दाम वाकडे चेंडू टाकायचे? त्याचा पहिला बळी आणि गुप्त्यांचा हुकलेला दहावा, एकाच चेंडूवर. एका घरात पेढे आणि दुसऱ्या घरात हळहळ, आणि दोन्ही घरं एकाच वाड्यातली.

आणि हुकणं काय असतं, हे रांजण्यांना कुणी शिकवायला नको होतं. १९५६-५७ च्या हंगामात महाराष्ट्राकडून रणजी करंडकाच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी सौराष्ट्राविरुद्ध एका डावात ३५ धावांत नऊ बळी घेतले होते, त्यांत हॅट्ट्रिकही. नऊच. तिथंही दहावा दुसऱ्या कुणाचा.

इथं एक विलक्षण योगायोग सांगते, माझ्या भावानं तो मला पहिल्यांदा सांगितला तेव्हा मी कागद घेऊन तपासला. कसोटीच्या एका डावात बरोबर नऊ बळी घेणारे भारतीय तीनच. गुप्ते, मग वर्षभरानंतर, डिसेंबर १९५९ मध्ये, पुन्हा कानपूरलाच ऑस्ट्रेलियाविरुद्ध ६९ धावांत नऊ घेणारे गुजरातचे जसू पटेल, आणि १९८३ साली अहमदाबादला वेस्ट इंडीजविरुद्ध ८३ धावांत नऊ घेणारा कपिलदेव. गुप्त्यांच्या वेळी उरलेला एक बळी पुण्याच्या रांजण्यांनी घेतला. पटेलांच्या वेळी तो घेतला पुण्याच्याच चंदू बोर्ड्यांनी. नॉर्मन ओ'नीलचा त्रिफळा. आणि कपिलच्या वेळी मुंबईच्या बलविंदरसिंग संधूनं. म्हणजे तिन्ही वेळा दहावा बळी आपल्या महाराष्ट्रातल्या माणसाच्या वाट्याला! आम्ही घाटाखालचे लोक पुणेकरांना काहीबाही बोलत असतोच, त्यात आणखी एकाची भर. पण विचार करा, बोर्ड्यांनी ओ'नीलला काढलं नसतं तर? ओ'नील तेव्हाचा मोठा फलंदाज. तो कानपूरचा दुसरा सामना आपण ११९ धावांनी जिंकला आणि ऑस्ट्रेलियाला पहिल्यांदा हरवलं. तिथं पटेलांचा दहावा हुकला म्हणून कुणी बोर्ड्यांना नावं ठेवली असतील असं मला वाटत नाही. १९५८ ला मात्र आपण २०३ धावांनी हरलो, म्हणून तो झेल लोकांच्या ध्यानात राहिला.

आता याच्या उलटं ऐका. ७ फेब्रुवारी १९९९, दिल्ली, समोर पाकिस्तान. अनिल कुंबळेचे नऊ झाले होते. दुसऱ्या टोकाला जवागल श्रीनाथ, दोघेही कर्नाटकाचे. श्रीनाथनं काय केलं, तर चेंडू यष्ट्यांपासून इतके लांब टाकले की फलंदाजाला बाद व्हायचं म्हटलं तरी होता येऊ नये. मग वसीम अक्रमचा झेल लक्ष्मणनं घेतला आणि कुंबळेचे दहा पूर्ण, ७४ धावांत. आमच्या घरी तेव्हा सगळे ओरडले होते. हे श्रीनाथला शक्य झालं, कारण सामना खिशात होता आणि त्याच्या स्वतःच्या नावावर तेव्हा शेकडाहून जास्त बळी होते. रांजण्यांच्या नावावर एकही नव्हता. पोट भरलेल्यानं ताटातली पोळी पुढं सरकवणं आणि उपाशी माणसानं सरकवणं, यांत फरक आहे बाई. मला श्रीनाथचं कौतुक आहे; पण रांजण्यांनी त्रिफळा उडवला त्याबद्दल तक्रार करायला माझी जीभ धजत नाही.

गुप्त्यांचं पुढं काय झालं? चार वर्षं आधी, १९५४ साली मुंबईकडून पाकिस्तानातून आलेल्या एका संघाविरुद्ध त्यांनी दहाच्या दहा घेतले होते, ७८ धावांत. म्हणजे ते त्यांना अशक्य नव्हतंच. कसोटीत मात्र राहिलं. आणि कारकीर्द संपली तेव्हा नावावर बळी किती, तर १४९. पुन्हा एक कमी! तेही सरळपणे नाही. डिसेंबर १९६१ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या दिल्ली कसोटीच्या वेळी हॉटेलात त्यांच्या खोलीत राहणाऱ्या सोबत्यानं स्वागतिकेला फोन केला, तिनं तक्रार केली, आणि खोली दोघांची म्हणून दोघांनाही संघाबाहेर काढलं. गुप्ते त्यानंतर भारताकडून पुन्हा खेळले नाहीत. पुढं ते पत्नीच्या देशी, त्रिनिदादला, स्थायिक झाले आणि २००२ साली तिथंच वारले. तामाण्यांच्या सुटलेल्या झेलानं गेला तो एक बळी. दुसऱ्याच्या फोनपायी गेलं ते अख्खं पुढचं खेळणं. यांतलं कुठलं मोठं? आणि बोललं जातं कशावर? झेलावर.

माझं माहेर कोल्हापूरचं, त्यामुळे दुसरी गोष्ट मला सांगावीच लागते. आमच्या घरी ती रामरक्षेसारखी पाठ होती. निंबाळकर म्हटलं की सातारकरांना फलटण आठवतं, पण भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला, पूना क्लबच्या मैदानावर, महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड असा रणजी सामना होता. काठेवाडचा डाव २३८ वर संपला. मग निंबाळकर आणि कमल भांडारकर यांनी दुसऱ्या जोडीसाठी ४५५ धावा केल्या. भांडारकर दोनशे पाचांवर गेले, निंबाळकर खेळतच राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या ४४३ झाल्या, ४९ चौकार आणि एक षटकार. महाराष्ट्र ४ बाद ८२६. जगातला तेव्हाचा विक्रम होता ब्रॅडमनचा, नाबाद ४५२. म्हणजे नऊ धावा हव्या होत्या. दोन चौकार आणि एक धाव. इतका वेळ ज्यानं चेंडू झोडले त्याला त्या कितीशा जड?

मध्यंतर झालं. काठेवाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. त्यांना आपल्या संघाचं नाव असल्या विक्रमाला चिकटायला नको होतं. त्यांनी डाव घोषित करा म्हटलं. महाराष्ट्राच्या बाजूनं दोनच षटकं मागितली गेली. ती मिळाली नाहीत. काठेवाडचा संघ सामना सोडून चालता झाला, आणि निंबाळकर नाबाद ४४३ वर राहिले ते राहिलेच. आजही एका भारतीयानं प्रथम दर्जाच्या सामन्यात केलेल्या त्या सर्वाधिक धावा आहेत. एवढं करूनही त्यांना अधिकृत कसोटी एकही खेळायला मिळाली नाही. जन्म १२ डिसेंबर १९१९ चा, आणि गेले ११ डिसेंबर २०१२ ला. त्र्याण्णवाव्या वाढदिवसाला एकच दिवस कमी. आमचे वडील हयात असते तर म्हणाले असते, भाऊसाहेबांचं नशीबच नाबाद.

ठाकोरसाहेबांचा हेतू काय होता? आपलं नाव विक्रमाच्या पुस्तकात लागू नये. आणि झालं काय? साध्या हरलेल्या सामन्यातला काठेवाडचा कर्णधार कोण होता, हे आज कुणी विचारलंही नसतं. नऊ धावा न देणारा म्हणून मात्र सगळे विचारतात. (शेजारणीचं ताक बंद झालं तेव्हा हे मला प्रकर्षानं आठवलं, पण ते मी भिंतीवरून बोलले नाही.)

त्याच काठेवाडात, जुनागडला, जन्मलेला हनीफ महंमद पुढं जानेवारी १९५९ मध्ये कराचीला ब्रॅडमनच्याही पुढं गेला. दिवस संपता संपता पाचशेवी धाव घ्यायला पळाला आणि धावबाद झाला. ४९९! फळ्यावर आकडा चुकून कमी लागलेला होता, नाहीतर त्यानं कदाचित इतकी घाई केली नसती. एक धाव फळा रंगवणाऱ्यानं खाल्ली म्हणायची.

या सगळ्या गोष्टी सांगून झाल्या तरी नात गप्पच. पोरीला १९५८ चं काय? तिला तिच्या काळातलं हवं. मग सूनबाईनं तिला २०१७ ची आठवण करून दिली. सूनबाईच्या माहेरच्या सांगलीत वाढलेली स्मृती मंधाना त्यात होती म्हणून तिनं तो सामना स्वयंपाक टाकून पाहिला होता. लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना, २३ जुलै. इंग्लंडच्या २२८. स्मृती शून्यावर बाद झाली, पण मुंबईच्या पूनम राऊतनं ८६ काढल्या आणि आपण ३ बाद १९१ होतो. जवळजवळ हातात आलेला चषक. तिथून २८ धावांत सात गेल्या, सगळे बाद २१९. पुन्हा नऊच धावा कमी, बघा हं.

"पण त्यात झेल कुठं सुटला?" नातीनं विचारलं. पहिल्यांदा तोंड उघडलं तिनं.

सुटला होता की! अगदी शेवटी, आपले नऊ गेलेले, आणि पूनम यादवचा साधा झेल इंग्लंडच्या जेनी गननं सोडला. अन्या श्रबसोलच्या गोलंदाजीवर. लाखो लोकांसमोर, विश्वचषकाच्या शेवटच्या घटकेला. आणि लगेच श्रबसोलनं पुढचा त्रिफळा उडवून सामना संपवला. आज जेनी गनचा तो झेल इंग्लंडात कुणी काढत असेल का? श्रबसोलनं तिच्याकडे रागानं पाहत बसायच्या ऐवजी पुढचा चेंडू टाकला, म्हणून तो झेल पुसला गेला.

नात म्हणाली, "पण हिनं पुढचा टाकला तर चौकार गेला ना."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी दिलं नाही. गेला तर गेला. मी तिला जवळ घेतलं आणि उजवा हात हातात धरला, तशी ती कळवळली.

करंगळीशेजारचं बोट, वरच्या पेरापाशी सुजून निळं पडलं होतं. टोक किंचित खाली झुकलेलं. दोन दिवस! विचारल्यावर कळलं की त्या हुकलेल्या झेलाच्या आधी, कितीतरी आधी, एक उसळलेला चेंडू बोटाच्या टोकावर बसला होता. सांगितलं तर मैदानाबाहेर बसवतील आणि मग मैत्रिणीचा चेंडू कोण अडवणार, म्हणून तिनं मोज्यात हात तसाच ठेवला. आणि घरी येऊन सांगणार तोच आम्ही तिघं सुरू झालो होतो: लक्ष कुठं होतं, हातात आलेला, सोपा होता.

आता मैत्रिणींनो, हे सदर घरगुती सल्ल्याचं आहे, म्हणून हे नीट वाचा. मुलं खेळून आली की धावा-बळी नंतर विचारा, आधी हात बघा. बोटावर चेंडू बसला असेल तर अंगठी-छल्ला असेल तो सूज यायच्या आत काढून घ्या. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं धरा, नुसता बर्फ कातडीला लावू नका. दिवसातून चार-पाच वेळा. बोट ओढून "बसवायला" जाऊ नका आणि पहिल्या दिवशी तेल लावून चोळू तर मुळीच नका, आमच्या आज्ज्या चोळायच्या तशी. हात उशीवर उंच ठेवा. बोट पूर्ण सरळ होत नसेल किंवा टोक झुकलेलं राहत असेल तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका, डॉक्टरांकडे जा. ते टोकाचं दुखणं वेळेवर पट्टी बांधली तर बरं होतं, उशीर केला तर बोट कायमचं वाकडं राहू शकतं. आमच्या डॉक्टरांनी फोटो काढायला पाठवलं. टोकाच्या हाडाला केसाएवढी चीर निघाली. बोट सरळ राहील अशी पट्टी बांधली आहे, काही आठवडे काढायची नाही म्हणाले. आंघोळीच्या वेळी त्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवतो आणि वर रबर लावतो.

पातेल्याचं काय केलं, ते सांगायचं राहिलं. चार दिवस ते ओट्यावर बसून माझ्याकडे बघत होतं. काय घालून पाठवावं सुचेना. डाळ घातली तर लाच वाटली असती, मिरच्या घातल्या तर शालजोडीतला. शेवटी मी शेंगदाण्याची चटणी कुटत होते, तेवढ्यात शेजारची पोरच पातेलं न्यायला आली. आईनं पाठवलं होतं की स्वतःच आली, मी विचारलं नाही. तिनं नातीच्या हाताची पट्टी पाहिली आणि म्हणाली, "हे कधी?" नातीनं सांगितलं, "तुझ्या दुसऱ्या ओव्हरला." पोर तिथंच दारात बसली. म्हणाली, "मग सांगायचं नाही का येडे, मी हळू टाकला असता." आमची म्हणाली, "म्हणूनच नाही सांगितलं."

मी चटणीचा कुटा थांबवला नाही. असल्या वेळी म्हाताऱ्यांनी आवाज करत राहावं म्हणजे मुलींना बोलता येतं.

सरांची यादी अजून लागलेली नाही. शेजारीणबाई परवा लोणंदच्या बाजारात कांदे घेताना भेटली, कांद्याच्या भावावर बोलली, सामन्याबद्दल नाही. ताक मात्र कालपासून पुन्हा सुरू झालंय. जरा आंबट होतं, पण मी कढी केली. हातमोजे माळ्यावरून खाली काढलेत. आतला सुती मोजा घामानं कुजका झाला होता, तो साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळत घातलाय. वरचा कातडी मोजा कधी धुवू नका, उन्हातही टाकू नका, तडकतो; ओल्या फडक्यानं पुसून आत वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवा.

लोणच्याच्या बुरशीचं पुढच्या अंकी नक्की.